पाच मिनिटांचा डाव

कुकरची तिसरी शिटी झाली आणि माझा वजीर गेला.

वाचून वाटेल, या बाईंच्या घरात भलतंच काहीतरी चाललंय. तसं काही नाही हो. ओट्यावर एका बाजूला कणकेची परात होती आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला मोबाईल. मोबाईलवर बुद्धिबळाचा डाव रंगला होता. पलीकडे कोण होतं, ब्राझीलचा कॉलेजकुमार की पोलंडचे पेन्शनर आजोबा, देव जाणे! नावाच्या जागी दोन अक्षरं आणि चार आकडे, एवढीच ओळख. मी गॅस बारीक करायला वळले, परत आले, आणि घड्याळात वीस सेकंदच उरलेली पाहून घाईनं बोट टेकवलं. जिथं वजीर ठेवायचा नव्हता, नेमक्या त्याच घरात तो जाऊन बसला. समोरच्या घोड्यानं तो खाल्ला. मी डाव सोडला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशीच्या पोळ्यांचा आकार कसा होता, ते विचारू नका.

मी नवशिकी असते तर मनाला लावून घेतलं नसतं. पण माझं माहेर सांगलीचं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळं बुद्धिबळ म्हटलं की सांगलीचं नाव निघतं. आमच्या घरी बाबांनी मला सातव्या वर्षी पट मांडायला शिकवलं. शाळेत असताना मी जिल्ह्याच्या स्पर्धा खेळले, पुढं कॉलेजच्या संघातून खेळले. चार-दोन ढाली माहेरच्या कपाटात अजून आहेत. लग्नात आईनं रुखवतावर माझा लाकडी पट हौसेनं मांडला होता. सासरी आल्यावर तो माळ्यावर गेला, तो तिथंच राहिला. कुणी ठेवायला लावला असं नाही. संसार, दोन मुलं, सकाळची अर्धवेळ शाळा, त्यात तो मागं पडला एवढंच.

तो खाली काढायला निमित्त झालं कोनेरू हंपीचं. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला महिलांची जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा तिनं जिंकली. हे अजिंक्यपद तिनं २०१९ मध्येही मिळवलं होतं. पेपरात बातमी वाचताना माझा हात थबकला. ती सदतीस वर्षांची, एका मुलीची आई. २००२ साली पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा बाबांनी तिचा फोटो कापून माझ्या वहीत चिकटवला होता! त्याच रविवारी मी स्टुलावर चढून पट खाली काढला. एक काळं प्यादं हरवलेलं होतं. मुलानं त्याच्या जागी कोटाचं बटण ठेवलं आणि आम्ही खेळलो. आठवड्यानं त्यानंच मला लिचेस नावाच्या साइटवर खातं उघडून दिलं. ती फुकट आहे आणि तिथं जाहिराती नाहीत. चेस डॉट कॉमही पुष्कळजण वापरतात.

येतं सगळं, पण वेळ पुरत नाही

ज्यांना हा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला स्वतःचं घड्याळ असतं. आपली पाळी आली की आपलं चालतं, चाल केली की ते थांबून समोरच्याचं चालू होतं. जोड-घड्याळाची ही पद्धत १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत आली. त्याआधी एकेका चालीला लोक तासन्‌तास घेत म्हणे. आता प्रत्येकाला दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो अतिजलद डाव, ज्याला ब्लिट्झ म्हणतात. दहा मिनिटांच्या वर आणि तासाच्या आत असेल तर जलद, म्हणजे रॅपिड. वेळ संपला की पटावर तुमची बाजू कितीही भक्कम असो, तुम्ही हरलात. समोरच्याकडे मात करण्यापुरतंही बळ उरलं नसेल, तरच डाव बरोबरीत सुटतो.

काही डावांत प्रत्येक चालीमागं दोन-तीन सेकंद वाढवून मिळतात. ही कल्पना बॉबी फिशरची. १९७२ चा हा जगज्जेता, त्यानं अशा घड्याळाचं पेटंटही घेतलं होतं.

साइटवर नव्या खेळाडूला १५०० गुण देऊन सुरुवात करून देतात. जिंकलं की वाढतात, हरलं की घटतात. मला वाटलं, महिन्याभरात मी सतराशेवर जाईन. फेब्रुवारीच्या शेवटी मी १३४० वर होते! रोज आठ-दहा डाव खेळत होते आणि रोज खाली जात होते. समोरच्यांच्या चाली पाहून हसू यायचं, इतक्या त्या कच्च्या असत. पण हरत होते मी.

"एक मिनिट हं"

आता जे सांगते, ते लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

मी चोरून खेळत होते. कुणी मनाई केली होती असं नाही, पण भरल्या घरात बाईमाणसानं मोबाईल घेऊन खेळत बसायचं, हे माझं मलाच बरं वाटत नव्हतं. म्हणून मग कुकर लावला की एक डाव, दूध तापत ठेवलं की एक डाव, मुलांना जेवायला हाक मारली की ती येईपर्यंत एक डाव. रात्री सगळे निजले की पांघरुणात. दूध दोनदा उतू गेलं. एकदा भाजी लागली, तर मी गॅसला दोष दिला. मुलगा गणित विचारायला यायचा, मी म्हणायची, "एक मिनिट हं." ते मिनिट संपायचंच नाही, कारण हरलं की लगेच दुसरा डाव लावावासा वाटतो. या खेळात ती खोड भारी वाईट आहे. जिंकल्यावर माणूस उठू शकतो, हरल्यावर उठवत नाही.

मार्चमधल्या एका दुपारी धाकटी तिच्या मैत्रिणीबरोबर भातुकली खेळत होती. मैत्रीण झाली होती मुलगी आणि ही झाली होती आई. मैत्रीण म्हणाली, "आई, मला भूक लागलीय." आमच्या बाईसाहेबांनी हातातली साबणाची रिकामी खोकी डोळ्यांजवळ धरली आणि मान वर न करता म्हणाल्या, "एक मिनिट हं, माझं घड्याळ चालू आहे."

मी दारातच उभी होते. मागं सासूबाई होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाल्या, "तू खेळतेस ते मला ठाऊक आहे गं. खेळ की! पण चोरून काय खेळायचं? चोरून खाल्लेलं अंगी लागत नाही."

मला एकदम रडू आलं. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत बुद्धिबळाविषयी मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये खेळलेला डाव डोकं लावून खेळताच येत नाही. अर्धं लक्ष गॅसवर, अर्धं दाराकडं. त्यात घड्याळ पळतंय. मी हरत होते ते खेळ विसरले म्हणून नव्हे. मी खेळायला बसतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "रात्री साडेआठ ते नऊ मी बुद्धिबळ खेळणार. बाकी दिवसभर मोबाईलला त्यासाठी हात लावणार नाही." हे म्हणाले, "एवढंच ना? मग साडेआठची भांडी माझ्याकडं." मुलगा म्हणाला, "आणि गणित?" मी म्हटलं, "आठ ते साडेआठ. तेव्हा माझं घड्याळ बंद."

पन्नास पराभवांची वही

अर्धाच तास मिळाल्यावर तो उडवून चालणार नव्हता. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मी चुकांचे प्रकार करते. कुणाचं ऱ्हस्वदीर्घ चुकतं, कुणाचा प्रश्नच वाचायचा राहतो. म्हटलं, आपलीही वही तपासू. साइटवर खेळलेले डाव साठवलेले असतात. मी शेवटचे पन्नास हरलेले डाव काढले आणि प्रत्येकासमोर हरण्याचं कारण लिहिलं.

वेळ संपून हरले ते एकवीस. मोहरं फुकट घालवून हरले ते सतरा. सुरुवातीतच फसले ते सात. शेवट जिंकता आला नाही ते पाच. आणि वेळ संपलेल्या एकवीसपैकी बारा डावांत माझी बाजू वरचढ होती!

म्हणजे मला नवं काही शिकायची फारशी गरज नव्हती. जे येत होतं, ते वेळेत हाताशी यायला हवं होतं.

मैत्रिणींनो, अचानक पाहुणे आले तर आपण काय करतो? मोहरी कुठं, हिंग कुठं, असा विचार करतो का? डबा उघडला की हात आपोआप तिथं जातो. डोकं कशाला लावायचं, तर आमटी किती वाढवायची आणि गोड काय करायचं, एवढ्यालाच. बुद्धिबळाचंही असंच आहे, आणि हे माझं पदरचं मत नव्हे. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातला पट फक्त पाच सेकंद दाखवायचा आणि मग आठवेल तसा मांडायला सांगायचं. मुरलेल्या खेळाडूनं बहुतेक मोहरी जागच्या जागी ठेवली, नवशिक्याला चार-सहाच जमली. मग त्यांनी मोहरी कशीही विस्कटून मांडली, तर मुरलेलाही नवशिक्याइतकाच चुकू लागला. म्हणजे त्याची नजर सुट्या मोहऱ्यांवर नसते. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी, असे जुडगेच्या जुडगे त्याला एकदम दिसतात. हे जुडगे जितके पक्के, तितका घड्याळाचा वेळ वाचतो. बोटं झरझर चालवून तो वाचत नाही.

मी काय बदललं

पहिलं बदललं ते घड्याळ. आधी मी तीन मिनिटांचे, वाढीव सेकंद नसलेले डाव खेळत होते. चाळीस चालींचा डाव धरला तर एका चालीला साडेचार सेकंद पडतात. त्याऐवजी पाच मिनिटं आणि दर चालीला तीन सेकंद वाढीव, असे डाव घेऊ लागले. त्यात चालीला साडेदहा सेकंद मिळतात. नुसता हिशेब केला तरी दुपटीहून जास्त! शिवाय शेवटी वेळ अगदी शून्यावर येत नाही, दर चालीला तीन सेकंदांचा श्वास मिळतो. ज्यांना खेळ येतो पण घड्याळ जाचतं, त्यांनी आधी हाच बदल करावा.

दुसरं म्हणजे सुरुवात ठरवून टाकली. कॉलेजात मी काळ्याकडून सिसिलियन खेळायची. तिच्यात फाटे फार, एक विसरला तर डाव गेला. पूर्वी पाठ होते, आता आठवत बसावं लागायचं आणि आठवण्यातच दीड मिनिट जायचं. आता पांढरी मोहरी असली की मी लंडन पद्धत खेळते. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, वजिराकडचा उंट बाहेर, मग राजापुढचं प्यादं एक घर. समोरचा काहीही खेळो, घडी बहुतेक तीच राहते. काळ्याकडून पांढऱ्याच्या राजापुढच्या प्याद्याला कारो-कान, म्हणजे वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं आधी एक घर आणि मग वजिरापुढचं प्यादं दोन घरं. दहा चाली झाल्या तेव्हा माझ्या घड्याळात साडेचार मिनिटांच्या खाली वेळ नसावा, हा नियम केला. नाट्यमय काही नाही, पण रोजची आमटी रोज बिघडत नाही ना, तसं.

तिसरं, फुकट जाणारी मोहरी. त्या सतरा डावांतल्या चुका पाहिल्या, तर बहुतेक वेळा मी माझाच बेत करत होते, समोरच्यानं आत्ता काय केलं हे पाहिलंच नव्हतं. बाबा लहानपणी म्हणायचे, "आधी त्याचं ऐक, मग तुझं बोल." तेच आता करते. त्याची चाल झाली की तीन प्रश्न. मला शह बसतोय का? माझं काही मारतोय का? पुढच्या चालीत कशाची धमकी आहे? सवय झाली की याला दोन सेकंद पुरतात. पहिले पंधरा दिवस मी हे तोंडानं पुटपुटत होते. धाकटीला वाटलं, आई स्तोत्र म्हणतेय.

चौथं, कोडी. पट दिलेला असतो आणि दोन-तीन चालींत वजीर जिंकायचा किंवा मात करायची असते. मी अवघड कोड्यांच्या मागं लागत होते. ते सोडलं. सोपी शंभर कोडी निवडली आणि तीच पुन्हा पुन्हा सोडवली, दर वेळी कमी वेळात. स्वीडनचे ग्रँडमास्टर हान्स टिक्कानेन यांनी अशाच अभ्यासाची पद्धत वापरली होती. ॲक्सेल स्मिथ यांच्याबरोबर त्यांचं त्यावर २०१८ साली पुस्तकही आलं. त्यांची कोडी हजारावर, माझी शंभर. प्रत्येकीनं आपल्या ताटाप्रमाणं वाढून घ्यावं. पहिल्या फेरीला मला आठवडा लागला. सहाव्या फेरीला घोड्याचा दुहेरी हल्ला मला पाढ्यासारखा दिसू लागला.

पाचवं, डावाचा शेवट. एकटा राजा उरलेल्या शत्रूवर राजा आणि हत्ती घेऊन मात करायची, हे मला येत होतं. पण एका मिनिटात? नव्हतं येत. मुलाला समोर बसवून, फोनवर मिनिट लावून आम्ही ते वीसदा केलं. तसंच एका प्याद्याचा वजीर करताना आपला राजा समोरच्या राजापुढं एक घर सोडून उभा करायचा आणि पाळी त्याची ठेवायची. हे हाताला कळलं की शेवटी विचार करायला वेळ नसला तरी चालतं.

आणि सहावं, जे मला सगळ्यांत जड गेलं. लागोपाठ दोन डाव हरले की उठायचं. अर्ध्या तासातली दहा मिनिटं उरली असली तरी पुढचा डाव लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत हरलेला डाव उघडून बघायचा. साइटवरचा संगणक चूक दाखवतो, पण मी आधी स्वतः शोधते आणि मग त्याला विचारते. उत्तर आधी पाहिलं तर गणित येत नाही, हे मुलांना रोज सांगते. स्वतःला सांगायला वर्ष गेलं असतं!

जोडीला रविवारी एक सावकाश डाव असतोच, लाकडी पटावर मुलाशी. भरभर खेळून आपल्याला जे येतं तेच पुन्हा वापरलं जातं. नवं काही मुरायला निवांतपणाच लागतो.

बटूमीची ती दुपार

याच वर्षात, २०२५ च्या जुलैत, जॉर्जियातल्या बटूमी गावी महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. समोरासमोर दोघी भारतीय, हंपी आणि आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. सावकाश खेळायचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला निकाल जलद डावांवर आला. घरी आम्ही सगळे मोबाईलभोवती बसलो होतो, सासूबाईसुद्धा. त्यांना चाली कळत नाहीत, पण घड्याळ कळतं. दुसऱ्या डावात हंपीचा वेळ कमी होत गेला, तशा त्या म्हणू लागल्या, "अगं, हलव ना काहीतरी!" वेळेच्या ओढीत हंपीकडून चूक झाली आणि दिव्या जिंकली. त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. आईच्या गळ्यात पडून ती रडली, तेव्हा आमच्याकडेही पदर डोळ्यांना लागले.

मला आनंद दिव्याचा झाला आणि मन हंपीपाशी रेंगाळलं. सात महिन्यांपूर्वी याच जलद खेळात जगज्जेती झालेली बाई. तिलाही घड्याळ सोडत नाही, तर माझा वजीर कुकरच्या शिटीला गेला यात नवल ते काय! त्या दिवसापासून वेळ संपून हरले तर मी पूर्वीसारखी चिडत नाही. वहीत एक रेघ ओढते.

सासूबाईंनी तेव्हा विचारलं, "आपल्याकडच्या बायका आधी कधी खेळल्या नाहीत का गं?" मी त्यांना खाडिलकर भगिनींचं सांगितलं. 'नवाकाळ'च्या नीलकंठ खाडिलकरांच्या तिघी मुली. वासंतीनं १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, रोहिणीनं १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपद मिळवलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ! आणि तू ओट्याआड लपून खेळत होतीस."

जाता जाता थोडं कामाचं

गणपतीच्या आरासीला लागेपर्यंत माझे गुण १५९० झाले होते. सतराशे अजून लांब आहेत. एका साइटचे गुण दुसरीच्या गुणांशी ताडून पाहू नयेत, दोन्हीकडची मापं वेगळी असतात. ज्यांना खेळ येतो आणि पुन्हा बसावंसं वाटतं, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगते.

खऱ्या नावाचं खातं उघडू नका, फोटो लावू नका. अनोळखी माणसं डावाच्या बाजूला मजकूर पाठवू शकतात. सेटिंगमध्ये जाऊन तो कप्पा पहिल्या दिवशीच बंद करा. मी तो बंद केला नव्हता, तेव्हा बाई खेळतेय असं कळल्यावर दोघा-तिघांनी नको ते लिहिलं. तक्रार करायची सोय असते, ती वापरावी. त्यांना उत्तर देत बसू नये.

शक्य असेल तर मोबाईलऐवजी लॅपटॉपवर खेळा. लहान पडद्यावर बोट शेजारच्या घरात पडतं. मोबाईलच असेल तर मोहरं ओढत नेण्यापेक्षा आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टेकवण्याची पद्धत घ्या. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की आपोआप वजीर व्हावा, अशी सोय असते, ती चालू ठेवा. समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल ठरवून ठेवता येते. ती त्यानं शह दिला आणि तुम्हाला एकच जागा असेल तेव्हाच वापरा, नाहीतर फसाल.

डाव चालू असताना संगणकाची मदत कधीही घेऊ नका. खातं बंद होतं, आणि मुलं बघत असतात.

आणि वेळ सांगून घ्या, हे सर्वांत आधी. अर्धा तास असो, पंधरा मिनिटं असोत. ती तुमची आहेत हे घरात सर्वांना ठाऊक असू द्या. उरलेल्या वेळात तुम्ही सगळ्यांच्या आहात, हेही त्यांना दिसू द्या. धाकटी आता नऊला पाच कमी असताना येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहते. नऊ वाजले की म्हणते, "आई, तुझी शिटी झाली." मी उठते. परवा जिंकत असतानाच ती आली, तर माझा डाव संपेपर्यंत तिनं तोंडावर हात ठेवला होता.

माळ्यावर तुमचाही पट असेल तर खाली काढा. एखादं प्यादं हरवलं असलं तरी अडत नाही. आमच्या पटावर अजून ते कोटाचं बटणच आहे. मागच्या रविवारी मुलानं ते एकेक घर सरकवत माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत आणलं आणि त्याचा वजीर केला. मी हरले. चहा मात्र त्यानं केला.